ॲनिमेटेड चित्राची पार्श्वभूमी बदलण्याच्या सेवेबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ऑनलाइन सेवेची मी वार्षिक सदस्य आहे. ‘ॲनिमेटेड चित्राची पार्श्वभूमी एका क्लिकमध्ये काढा, हवी ती लावा’ ही आपली जाहिरात वाचून मी वर्षाचे पैसे एकदम भरले. स्थिर फोटोची पार्श्वभूमी काढून देणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत, काही फुकटही आहेत. मला हलत्या चित्राची काढून हवी होती. ते काम आपली सेवा करत नाही. ती प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एकेक स्थिर चित्र, सुटा फोटो समजून कापते आणि कापलेले फोटो पुन्हा एकामागे एक लावून देते. माझी सगळी तक्रार यातच आहे. तरी सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्या मदत विभागाची आजवरची उत्तरं पाहता माझे ईमेल कुणी शेवटपर्यंत वाचले असतील असं वाटत नाही.

चित्र मी स्वतः काढलेलं आहे. लहान मुलांना अंक मोजायला शिकवण्यासाठी केलेली ही जीआयएफ (छोट्या हलत्या चित्रांसाठी वापरला जाणारा प्रकार) फाइल: एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारते, मागे कोरा पांढरा रंग. एका उडीच्या १२ फ्रेम आहेत. त्यांतल्या १० फ्रेम प्रत्येकी ०.०५ सेकंद दिसतात आणि उडीच्या टोकावरच्या २ फ्रेम प्रत्येकी ०.१५ सेकंद. मुलगी हवेत क्षणभर थांबल्यासारखी वाटते ती या दोन फ्रेममुळेच. एक उडी ०.८ सेकंदात पूर्ण होते आणि त्याच ठेक्यावर ‘एक, दोन, तीन’ असा मोजणीचा आवाज वेगळा वाजतो. मला फक्त पांढऱ्याच्या जागी गडद हिरवं मैदान हवं होतं.

आपल्याकडून जी फाइल आली तिच्यात सर्वांत आधी डोळे खटकले. मुलीच्या डोळ्यांतला पांढरा भाग हिरवा झाला होता. जीआयएफमध्ये पारदर्शकतेसाठी रंगांच्या तक्त्यातला एक क्रमांक राखून ठेवतात आणि त्या क्रमांकाचा प्रत्येक पिक्सेल (चित्रातला ठिपका) पारदर्शक होतो. पार्श्वभूमीचा पांढरा आणि डोळ्यांचा पांढरा माझ्या फाइलमध्ये एकाच क्रमांकाचा होता. आपल्या प्रोग्रामने तो क्रमांकच पारदर्शक केला, त्यामुळे डोळ्यांना आरपार भोकं पडली आणि त्यांतून मागचं मैदान दिसू लागलं. आकृतीच्या आतला पांढरा आणि बाहेरचा पांढरा वेगळा ओळखणं हेच तर या कामातलं खरं काम आहे. एक रंग निवडून पुसायचा असता तर त्यासाठी मला कुणाच्या सेवेची गरज नव्हती.

त्यानंतर मुलगी उडीच्या टोकावर गायब होते. तिथल्या दोन फ्रेममध्ये ती जवळजवळ स्थिर असते, हलते ती फक्त दोरी. फाइल हलकी राहावी म्हणून जीआयएफमध्ये अशा वेळी बदललेला तुकडाच साठवतात आणि बाकीचं आधीच्या फ्रेमवरून तसंच दिसत राहतं. ही सोय फार जुनी आहे. फ्रेमची वेळ, पारदर्शक रंग आणि आधीच्या फ्रेमचं पुढे काय करायचं याची सूचना, हे सगळं १९८९च्या जीआयएफ८९ए या आवृत्तीतच लिहिलेलं आहे. अशा फाइलवर हात टाकण्याआधी प्रत्येक फ्रेम पूर्ण जोडून घ्यावी लागते. इमेजमॅजिक या मोफत साधनात त्यासाठी ‘कोॲलेस’ नावाची आज्ञा आहे. आपल्या प्रोग्रामने ही जोडणी केलीच नाही. त्याला त्या फ्रेममध्ये नुसता दोरीचा तुकडा दिसला, माणूस काही दिसलं नाही, म्हणून त्याने सगळंच पार्श्वभूमीत काढून टाकलं. ज्या क्षणी मुलांनी अंक म्हणायचा, नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर रिकामं मैदान असतं.

मग मी नवी पार्श्वभूमी न लावता नुसती पारदर्शक फाइल मागवून पाहिली. तिच्यात उलटा प्रकार. मुलगी आहे, पण आधीच्या फ्रेममधल्या दोऱ्या पुसल्याच जात नाहीत, त्या पंख्याच्या पात्यांसारख्या तिच्याभोवती साचत जातात. पार्श्वभूमी भरीव असताना नवी फ्रेम जुनीला आपोआप झाकते. ती पारदर्शक केली की जुनी फ्रेम आधी पुसण्याची सूचना प्रत्येक फ्रेमला द्यावी लागते. ती आपण देत नाही.

वेळेबद्दल मात्र मला खरोखर वाईट वाटलं, कारण ते उघड दिसतही नाही. आपल्या फाइलमध्ये बाराही फ्रेम ०.१० सेकंदाच्या झाल्या आहेत. उडी ०.८ऐवजी १.२ सेकंदांची झाली आणि टोकावरचा थांबा नाहीसा झाला. मोजणीचा आवाज दहापर्यंत पोचून संपतो तेव्हा मुलीच्या सहाच उड्या पूर्ण झालेल्या असतात आणि सातवी अर्ध्यावर असते. मोजणी शिकवणाऱ्या चित्रात हे चालेल का? पार्श्वभूमी बदला म्हटल्यावर वेळेला हात लावायचं कारणच नव्हतं. प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते, ती जशीच्या तशी पुढे न्यायची, एवढंच.

कडांबद्दलही लिहायला हवं. केस, बोटं आणि दोरीभोवती पांढरट कोर राहिली आहे. मूळ चित्रात कडा मऊ दिसाव्यात म्हणून काठावरचे पिक्सेल आकृतीचा रंग आणि पांढरा मिसळून केलेले असतात. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो नाहीतर पूर्ण भरीव, अर्धपारदर्शक असतो असं नाही. ही त्या प्रकाराची मर्यादा आहे आणि तिचा दोष मी आपल्याला देत नाही. पण मी तर नवी पार्श्वभूमी आधीच दिली होती! मग शेवटच्या फाइलमध्ये पारदर्शकता हवीच कशाला? काठावरच्या पिक्सेलमधला पांढरा वजा करून त्यात हिरवा मिसळायचा आणि सगळ्या फ्रेम तयार झाल्यावर शेवटी जीआयएफमध्ये मावतात तेवढ्या २५६ रंगांवर आणायच्या. या क्रमाने केलं असतं तर कोर उरली नसती. आपण आधी जीआयएफच्या मर्यादेत कापता आणि मग मागे रंग सरकवता. ज्यांना पारदर्शक फाइलच हवी असते त्यांच्यासाठी एपीएनजी आणि ॲनिमेटेड वेबपी हे हलत्या चित्रांच्या फाइलचे दोन्ही प्रकार अर्धपारदर्शकता पेलतात. आपण यांतला एकही प्रकार देत नाही आणि हे पैसे भरण्याआधी कुठेही सांगत नाही.

दोरी काही फ्रेममध्ये मधेच तुटते, तिची जाडी दर फ्रेमला कमीजास्त होते. बारीक आणि वेगाने हलणारी वस्तू कापणं अवघड असतं हे मी जाणते. तरीही मागच्या-पुढच्या फ्रेम पाहून कापलं असतं तर ती इतकी थरथरली नसती.

आता व्यवहाराचं. पैसे भरण्याआधी आपण जो नमुना दाखवता तो फक्त पहिल्या फ्रेमचा, आणि तोही स्थिर असतो. माझ्या पहिल्या फ्रेममध्ये मुलगी जमिनीवर उभी आहे, डोळे मिटलेले, दोरी पायांशी. तिच्यात डोळ्यांचा, गायब होण्याचा किंवा वेळेचा दोष दिसणं शक्य नव्हतं. हलत्या चित्राच्या सेवेचा नमुना स्थिर दाखवणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मदत विभागाने आधी ‘ब्राउझरची कॅश साफ करा’ सांगितलं, मग ‘मूळ चित्र अधिक चांगल्या दर्जाचं द्या’ म्हणाले, आणि शेवटी नियमावलीतलं कलम पाठवलं की डाउनलोड केलेल्या फाइलचा परतावा मिळत नाही. डाउनलोड केल्याशिवाय ही फाइल हलताना दिसतच नाही. मग दोष कळायचा कधी आणि परतावा मागायचा कधी?

माझी मागणी अशी आहे की वार्षिक सदस्यत्वाची पूर्ण रक्कम परत करावी. शिवाय पैसे घेण्याआधीचा नमुना संपूर्ण, सगळ्या फ्रेमसह आणि मूळ वेगाने हलता दाखवावा, आणि कोणत्या प्रकारची फाइल मिळेल हे त्याच पानावर लिहावं. हे होईपर्यंत जाहिरातीतलं ते वाक्य काढून टाकावं.

मूळ फाइल, आपल्याकडून आलेल्या दोन्ही फाइल, फ्रेमनिहाय वेळा आणि मदत विभागाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. हे पत्र तांत्रिक विभागातल्या जाणकार व्यक्तीकडे द्यावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ज्या कार्डावरून पैसे भरले त्या बँकेकडे मी ही रक्कम वादग्रस्त म्हणून नोंदवणार आहे.

आपली,
एक सदस्य

सोबत: वर उल्लेख केलेल्या फाइल व पत्रव्यवहार