भुतं मागितलीस, घरं पाठवतोय

सिंगापूर अँकरेज
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप मिळाला. यंदाच्या दिवाळी अंकात परदेशी भुतांचा विभाग करायचा, त्यात फिलिपिन्सचं एखादं दणकट भूत हवं, आणि मी वर्षातला बराच काळ जहाजावर फिलिपिनो माणसांबरोबर जेवतो-झोपतो म्हणून ते मीच शोधून द्यायचं. बरं. भुतांचा तुटवडा नाही. नमुने आधी देतो, मग त्यातलं एकही का पाठवत नाहीये तेही सांगतो. शिव्या शेवटी दे.

नामांकित भूत म्हणजे मनानांगाल. दिवसा चारचौघींसारखी बाई. रात्री कमरेपाशी तिचे दोन भाग होतात. वरच्या अर्ध्याला पंख फुटतात, तो उडत जाऊन गरोदर बाईच्या घराच्या छपरावर बसतो आणि दोऱ्यासारखी लांब जीभ आत सोडून पोटातलं मूल शोषतो. खालचा अर्धा मात्र कुठेतरी झाडाआड तसाच उभा. तो सापडला तर त्यावर मीठ नाहीतर राख टाकायची, म्हणजे उजाडायच्या आत तिला परत जोडून घेता येत नाही. तियानाक हे तान्ह्या मुलाचं भूत. रानात रडत पडलेलं असतं, कळवळून उचललंस की संपलास. काप्रे हा बालेतेच्या झाडावर बसून चिरूट ओढणारा धिप्पाड काळा गडी. बालेते आपल्या वडा-पिंपळाच्याच कुळातलं, त्यामुळे आपल्या मुंजाची बदली तिकडे झाली तरी त्याची गैरसोय व्हायची नाही. आणि मातीच्या ढिगाऱ्यात राहणारा म्हातारा नूनो. त्याच्या घरावर पाय पडला किंवा नको ते पडलं तर माणूस सुजतो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पन्नाशीचा, वादळात डेकवर उभा राहणारा माणूस, पण किनाऱ्यावर झाडीत जायची वेळ आली की आधी 'ताबी-ताबी पो' पुटपुटतो. जरा सरकून घ्या हो, वाट द्या, असं.

हा बोसन पनाय बेटावरच्या कापिस प्रांतातला. असवांग, म्हणजे ही सगळी माणूसखाऊ जमात, कापिसची म्हणून अख्ख्या देशात बदनाम. मेसमध्ये कुणी ना कुणी मिठाची बाटली त्याच्यापासून लांब सरकवतो आणि सगळे खिदळतात. एकदा मी त्याला खरंच विचारलं, तुमच्या गावात कुणी असवांग पाहिलाय का? तो म्हणाला, पाहिला कुणीच नाही, पण असवांग कुणाला म्हणायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. कुणाला? तर एकटी राहणारी बाई, शेजाऱ्यांशी पटत नाही अशी, जिच्याकडे फारसं कुणी जात-येत नाही. तुला आपल्या वाडीतलं कोण आठवलं ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही.

त्या दिवसापासून मला नुसत्या भुतात रस उरला नाही. भूत कुणाच्या अंगावर ढकललं जातं आणि का, ते बघावंसं वाटायला लागलं. आमच्या थर्ड मेटने, म्हणजे जहाजावरच्या धाकट्या अधिकाऱ्याने, त्याच्या शाळेत नेमलेल्या कथा फोनवर दिल्या, त्या मी वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपल्यावर वाचत गेलो. तिथल्या चांगल्या लेखकांनी भूत दाखवायच्या फंदात न पडता भुताच्या आडोशाने घर दाखवलंय.

थोडी पार्श्वभूमी, कंटाळू नकोस. स्पेनने तीनशेवर वर्षं राज्य केलं, मग अमेरिका आली. 1901 मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि शाळांतून इंग्रजी सुरू झाली. पुढे पंचवीसच वर्षांत, 1925 मध्ये, पाझ मार्केझ बेनितेझ या बाईंची 'डेड स्टार्स' छापून आली. फिलिपिनो माणसाने इंग्रजीत लिहिलेली पहिली आधुनिक कथा म्हणून तिचं नाव घेतात. त्याच वर्षी तागालोग या तिथल्या भाषेत 'लिवायवाय' साप्ताहिकात सेवेरिनो रेयेस लोला बास्यांगच्या, म्हणजे बास्यांग आजीच्या, गोष्टी लिहायला लागले होते. मला गंमत वाटते ती याची की इंग्रजीत लिहिणारी ही पोरंही दिवसा शाळेत अमेरिकन धडे गिरवायची आणि रात्री आज्यांच्या कुशीत असवांग ऐकायची.

आता खरी गोष्ट. निक वाकीन हे नाव लिहून ठेव. 1917 चा जन्म, मनिलाचा, 2004 मध्ये गेला. त्याची 'मे डे ईव्ह' 1947 ची, पण घडायला सुरुवात होते 1847 च्या मनिलात. समजूत अशी: तीस एप्रिलच्या मध्यरात्री पोरीने एकटीने अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती घेऊन आरशासमोर जायचं, डोळे मिटून मंत्र म्हणायचा, डोळे उघडले की होणारा नवरा दिसतो. काही चुकलं तर सैतान दिसतो. नाच संपवून झोपायला आलेल्या मुलींना म्हातारी आनास्तासिया हे सांगते. बाकीच्या पोरी किंचाळतात, अगेदा नावाची तिखट पोरगी मात्र खाली जाते. डोळे उघडते तर आरशात बादॉय मोंतिया, युरोपातून शिकून आलेला, मिशीला पीळ देणारा. तो थट्टा करतो, वाट अडवतो, ती त्याच्या हाताला कडकडून चावते आणि पळते. तो सूड घ्यायचा म्हणून चरफडतो आणि चरफडता चरफडता प्रेमात पडतो.

इथवर कुणीही लिहील. वाकीन मग काय करतो बघ. लग्न कसं झालं, संसार कसा झाला यातलं एक पान लिहीत नाही. थेट काही वर्षांनंतर अगेदा आपल्या लहान मुलीला सांगते आहे, मी त्या आरशात सैतान पाहिला. पोरगी विचारते, त्याला मिशा होत्या का, बाबांसारख्या? आई म्हणते, बाबांच्या मिशा पिकलेल्या आणि तंबाखूने घाण वास मारणाऱ्या, सैतानाच्या काळ्याभोर, देखण्या. आणखी कैक वर्षांनी म्हातारा बादॉय रात्री घरी येतो तर नातू मेणबत्ती घेऊन त्याच आरशासमोर. आजोबा त्याला सांगतात, तुझ्याहून थोडा मोठा असताना मलाही याच आरशात चेटकीण दिसली. तिने माझं काळीज खाल्लं, रक्त प्यालं.

बाळ्या, ती दोघं एकमेकांबद्दल बोलताहेत. अख्खा संसार त्या दोन शब्दांत संपवलाय, तिच्यापुरता तो सैतान आणि त्याच्यापुरती ती चेटकीण. बोलता बोलता म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की अगेदा आता नाही, मेली, भांडायलासुद्धा कुणी उरलेलं नाही. त्या रात्रीचं दोघांचं कोवळेपण तेव्हा त्याच्या अंगावर येतं आणि तो रडतो. मी हे इंजिन कंट्रोल रूममध्ये वाचलं आणि ऑइलरने विचारलं काय झालं, तर त्याला सांगितलं डोळ्यात डिझेल गेलं.

नवरा-बायकोला बारा महिने समोरासमोर जे बोलता येत नाही, ते भुताचं नाव घेऊन पोराला सांगता येतं. माझ्या आजीचं आठव. आजोबांबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, पण विहिरीवरच्या देवचाराची गोष्ट सांगताना त्या देवचाराला नेमकी आजोबांसारखी खाकरायची सवय होती.

वाकीनचीच दुसरी, 'समर सॉल्स्टिस'. ही तुला जवळची वाटेल, कारण ती 24 जूनची, सेंट जॉनच्या सणाची. तू बांद्याहून पलीकडे गोव्यात सांजाव बघायला जायचास ना, डोक्यावर फुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारणारी पोरं? तोच सण, स्पेनने नेला तिकडेही पाण्याचाच. पण वाकीनच्या कथेत त्या दिवशी पुरुषांच्या मिरवणुकीबरोबर बायकांचा एक वेगळा विधी चालतो, ताडतारिन. तीन दिवस, पहिल्या दिवशी मध्यभागी कोवळी पोर, दुसऱ्या दिवशी प्रौढ बाई, तिसऱ्या दिवशी म्हातारी, जी मरते आणि पुन्हा उठते. पाद्र्यांच्या कितीतरी आधीचं हे. दोन्या लुपेंग ही मोठ्या घरची, नवऱ्याच्या धाकातली बाई. सकाळी तिला घरची स्वयंपाकीण आमादा अंगात आल्यासारखी पडलेली दिसते, आणि आमादाला एरवी बडवणारा नवरा त्या दिवशी तिच्यापुढे हात उचलायला धजत नाही. रात्री लुपेंग हट्टाने विधीला जाते. परत येते ती वेगळीच. शेवटी मोठ्या घरचा मालक जमिनीवर सरपटत येऊन बायकोच्या पायाचं चुंबन घेतो. खरं सांगू, मला ही 'मे डे ईव्ह'इतकी आवडली नाही. लेखकाला शेवट आधीच ठरवून मग घर बांधायची घाई झालीय असं वाटतं. पण वर्षातून एक दिवस बाईच्या अंगात देव येतो आणि उरलेल्या दिवसांचा हिशेब त्यात चुकता होतो, हे आपल्याकडच्या गावऱ्हाटीत वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

फ्रान्सिस्को आर्सेयानाच्या 'द मॅट्स'मध्ये (1938) तर भूतच नाही. मोठं कुटुंब, बाप कामानिमित्त दौऱ्यावर असतो. येताना तो घरातल्या प्रत्येकासाठी एकेक चटई विणवून आणतो, त्यात ज्याचं त्याचं नाव आणि ज्याच्या त्याच्या शिक्षणाची खूण. घरात एक जुनी, लग्नातली, सुंदर चटई आहे. ती एरवी गुंडाळून ठेवलेली, कुणी आजारी पडलं तरच निघते. पोरं आपापली चटई उलगडून नाचतात. सगळ्यांच्या वाटून झाल्या तरी बाजूला काही उरतातच. आई ओळखते. बापाचा चेहरा बदलतो. मी त्यांना विसरलो असं वाटलं का तुम्हाला, असं विचारत तो एकेक उलगडत जातो: होसेफिना, व्हिक्टोरिया, कोन्सेप्सियोन. लहानपणी गेलेल्या मुली. तिकडे उत्तरेच्या इलोकोसकडची माणसं मेलेल्यांसाठी ताट वाढून बाजूला ठेवतात, आतांग म्हणतात त्याला. आर्सेयाना त्या रिवाजाचं नावही घेत नाही. पण पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट बघत उभा राहिलेला कुठलाही माणूस हा बाप ओळखेल. आणि त्या आईचं गप्प करणंही. तिला पोरांसमोर हे नको आहे. दोघंही बरोबर आहेत, हेच त्यातलं दुखणं.

आमादोर दागियोची 'वेडिंग डान्स' मात्र सावकाश वाच. दागियो जन्माने लाओआगचा, पण वाढला उत्तरेच्या डोंगरात, कालिंगा जमातीच्या लुबुआगानला, आणि कथा लिहिली स्टॅनफर्डला शिकायला गेल्यावर. अवियाओचं लुमनायवर प्रेम आहे, पण सात सुग्या गेल्या तरी मूल नाही. काबुन्यान देवाला कोंबड्या झाल्या, डुक्कर झालं. रिवाज म्हणतो दुसरी कर, आणि तो करतो. बाहेर त्याच्याच लग्नाची गांग्सा, म्हणजे तिकडची थाळीसारखी घंटा, वाजतेय आणि हा अंधारात जुन्या बायकोच्या झोपडीत तिला समजावतोय की तूही नाचायला चल, म्हणजे लोकांना वाटेल तुला राग नाही. बाईने रागसुद्धा आवरून दाखवायचा! लुमनाय उठून निघते, वाटतं आता जाऊन म्हाताऱ्यांना जाब विचारणार. पण नाचाच्या उजेडापाशी थबकते आणि डोंगरावर आपल्या घेवड्याच्या मळ्यात जाऊन बसते. देवाला दोष देता येत नाही, नवऱ्याला द्यावासा वाटत नाही, मग उरतो कोण? दागियो इथे कुणालाच खलनायक करत नाही, आणि त्यामुळे मला जास्त राग आला.

मान्युएल अर्गियाची लिओनची कथा हलकी आहे, शहरातली सून पहिल्यांदा गावी येते ती. बाप मुद्दाम घोडागाडी न पाठवता बैलगाडी पाठवतो, रस्त्याऐवजी शेतातून आणायला सांगतो आणि रात्री धाकट्याला विचारतो, माझ्या लाबांगला ती घाबरली का? लाबांग म्हणजे बैल. परीक्षा झाली, सून पास. अर्गियाला 1944 मध्ये जपान्यांनी मारलं, वय तेहतीस. कार्लोस बुलोसानची 'माय फादर गोज टू कोर्ट' तुला वाचायची गरजच नाही, ती तू शाळेत पोरांना सांगतोस: श्रीमंत शेजारी गरिबांवर दावा लावतो की माझ्या जेवणाचा वास चोरला, आणि बाप नाण्यांचा खुळखुळाट ऐकवून फेड करतो. हीच गोष्ट तिकडे फिलिपिन्सच्या पांगासिनान प्रांतातही, आपल्याकडेही. कुणी कुणाची उचलली या वादात पडत नाही.

बोसनकडून ऐकलेलं एक राहिलं. त्यांच्याकडे माणूस गेला की मयताच्या घरी रात्र-रात्र जागतात. तिथून थेट आपल्या घरी जायचं नाही, मेलेला मागे येतो, म्हणून वाटेत कुठेतरी टेकायचं. हल्ली बर्गर खाऊन जातात. खून झालेला असेल तर शवपेटीवर कोंबडीचं पिल्लू ठेवतात, ते दाणे टिपतं तसं खुन्याचं काळीज टोचलं जातं. आणि जागरणात पत्ते चालतात, पैसे लावून. प्रत्येक डावातला थोडा हिस्सा मयताच्या घरी जातो. मी आधी नाक मुरडलं, मग बोसनने सांगितलं की त्याच्या बापाच्या वेळी अर्धा खर्च त्या पत्त्यांतून निघाला. तशीच एका वर्षात दोन भावंडांची लग्नं करायची नाहीत ही समजूत. नशीब वाटलं जातं म्हणतात. माझ्या मते आहेर वाटला जातो.

तर आता तुझ्या अंकाचं. 'मे डे ईव्ह' मराठीत व्हावी असं माझं ठाम मत आहे, आणि तूच कर, मला ती जुन्या घराण्यांची भाषा जमणार नाही. वाकीनला जाऊन फार वर्षं झाली नाहीत, तेव्हा हक्क आधी विचार. परस्पर छापून मोकळा होऊ नकोस, गेल्या वेळचा गोंधळ लक्षात आहे ना? परवानगी वेळेत आली नाही तर मनानांगालवर एक चौकट टाक, चित्र काढायला तुझा तो चित्रकलेचा मास्तर आहेच. कथांच्या प्रती थर्ड मेट कोचीला उतरेल तेव्हा कुरिअर करेल. 'वेडिंग डान्स' वहिनीला आधी वाचायला दे आणि ती काय म्हणते ते मला कळव, तुझं मत नंतर.

काकींना नमस्कार. त्यांची ती आंब्याखालच्या हडळीची गोष्ट एकदा फोनवर रेकॉर्ड करून पाठव. बोसनला ऐकवायची आहे, शब्दन् शब्द भाषांतर करून. आणि या खेपेला नीट ऐक, ती हडळ कुणाच्या घरी कुणासाठी यायची.

तुझा,
दिग्या