डबा अजून माझ्याकडेच आहे

गेल्या अनंत चतुर्दशीला माझ्या सहा वर्षांच्या लेकीसाठी धावलेल्या दोघांची नावं मला माहीत नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

तिला रक्ताचा कर्करोग. किमोनंतर संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली, अँटिबायोटिक चालू असूनही पाचव्या दिवशी ताप तसाच. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग दिसले, अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संशय. ही बुरशी धुळीत, हवेत सगळीकडे असते. तुम्हाआम्हाला सहसा काही होत नाही. बुरशीवरचं औषध लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन आजच सुरू करायचं, असं डॉक्टर म्हणाले. आणि रुग्णालयात ते संपलेलं!

सदाशिव पेठेतल्या एका दुकानात मिळालं, तर थंड ठेवायची पेटी नाही. काउंटरवरच्या मुलाने स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी कागदावर काढली, डबा धुऊन पुसला, तळाशी आईसपॅक, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, मग कुप्या. "बर्फाला टेकू देऊ नका ताई, गोठलं तर वाया जाईल."

बाहेर ढोल-ताशे, रस्ते बंद. एका रिक्षावाल्या काकांनी गल्लीबोळांतून नेलं. पुढे रिक्षा जाईना, तर ती लावून गर्दीतून वाट काढत माझ्यापुढे चालत आले. पैसे घेतले नाहीत. "आधी पोरीकडे जा," एवढंच.

औषध त्याच रात्री सुरू झालं. बरेच आठवडे गेले, पण लेक आता बरी आहे.

दादा, काका, मनापासून आभार. डबा द्यायला दोनदा जाऊन आले. तो मुलगा आता तिथे नसतो म्हणे.