खळ्यावरचं मंदिर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. आपल्याकडे पंढरपूर, जेजुरी, तशी बायबलात क्षेत्रं आहेत का, असं विचारलंयस. आहेत की, चिक्कार आहेत. पण त्या ग्रंथाचा आपल्याच क्षेत्रांवर पुरता भरवसा नाही, आणि मला त्यात गोडी वाटते ती त्याचीच.

बेथेलच घे. याकोब, इस्राएल लोकांचा मूळपुरुष, भावाला फसवून घरातून पळालाय. वाटेत दिवस मावळतो, तेव्हा तिथलाच एक धोंडा उशाला घेऊन उघड्यावर आडवा होतो. स्वप्नात आभाळाला टेकलेली शिडी दिसते, तिच्यावरून देवदूत चढउतार करताहेत. जागा होतो तो घाबराघुबरा: इथे देव होता आणि मला पत्ताच नाही! मग उशाचा धोंडा उभा करून त्यावर तेल ओततो. (धोंड्यावर तेल ओतणं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) शिवाय नवसही बोलतो. पोटाला भाकर, अंगाला वस्त्र दिलंस आणि सुखरूप घरी पोचवलंस, तर जे देशील त्याचा दहावा हिस्सा तुझा. पक्का व्यवहारी गडी!

पुढे त्याच बेथेलची काय गत झाली बघ. शलमोन राजाच्या मागे इस्राएलचं राज्य फुटलं. उत्तरेचा राजा यराबाम धास्तावला, लोक यज्ञासाठी दक्षिणेत यरुशलेमच्या मंदिरात जात राहिले तर त्यांचं मनही तिकडेच वळेल. म्हणून त्याने एक सोन्याचं वासरू बेथेलात बसवलं, दुसरं दान नावाच्या गावात. इ.स.पू. आठव्या शतकात आमोस नावाचा मेंढपाळ तिथे जाऊन राजावर आणि पूजास्थानांवर कोरडे ओढतो. तर तिथला याजक त्याला म्हणतो, तुझ्या यहूदात, दक्षिणेच्या राज्यात, जा आणि तिकडे पोट भर, इथे बोलायचं नाही, हे राजाचं पवित्रस्थान आहे. खरं ते तोंडातून निसटलंच म्हणायचं. शेवटी योशीया राजाने तिथली वेदी फोडली.

यरुशलेमच्या मंदिराची जागा तर मूळची एका परक्याचं खळं. देशात मरी पसरलेली, आणि शलमोनाचा बाप दावीद राजा याला देवाची आज्ञा होते, अरवना यबूसी (यबूसी म्हणजे यरुशलेमचे आधीचे रहिवासी) याच्या खळ्यावर वेदी बांध. अरवना भला माणूस. म्हणतो, खळं घ्या, होमाला बैल घ्या, जळणाला मळणीची अवजारं आणि जू घ्या, सगळं तुमचंच. दावीद ऐकत नाही. ज्याला मला काही मोजावं लागलं नाही, ते देवाला कसं वाहू? चांदीचे ५० शेकेल (शेकेल हे तिकडचं वजन) मोजून तो खळं आणि बैल विकत घेतो. बायबलातल्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात हाच आकडा सोन्याच्या ६०० शेकेलांवर गेलाय, आणि मंदिर इथेच उभं राहिलं हेही तिथेच सांगितलंय.

शलमोनाचं मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच. बांधायला ७ वर्षं लागली. स्वतःच्या वाड्याला मात्र १३, हेही लिहिणाऱ्याने न चुकता नोंदवलंय! आत परमपवित्रस्थानात, म्हणजे गाभाऱ्यात, कराराचा कोश ही पेटी, आणि कोशात देवाच्या आज्ञांच्या दोन दगडी पाट्यांखेरीज काही नाही. देवाची मूर्ती नाहीच. अर्पणाच्या दिवशी शलमोन स्वतःच प्रार्थनेत म्हणतो, देवा, तू आकाशातही मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घरात काय मावणार?

लोक ते विसरले. मंदिर आहे तोवर आपल्याला धक्का लागत नाही, अशी त्यांची समजूत झाली. यिर्मया नावाचा संदेष्टा मंदिराच्या दारातच उभा राहून विचारतो: चोऱ्या, खून, व्यभिचार करायचे आणि इथे येऊन ‘सुटलो’ म्हणायचं? हे घर काय लुटारूंची गुहा आहे? शिलो गावाला जाऊन बघा, तिथेही पूर्वी देवाचं ठाणं होतं, त्याचं काय झालं ते. या बोलण्यावरून त्याला जिवे मारायला निघाले होते. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने मंदिर जाळलं. नंतर उभारलेलं दुसरं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं.

शोमरोनी, म्हणजे यहुद्यांपासून वेगळ्या पडलेल्या शेजारच्या लोकांतली, एक बाई विहिरीवर येशूला विचारते, उपासना या गरिज्जीम डोंगरावर करायची की यरुशलेमला? तो म्हणतो, अशी वेळ येतेय की दोन्हीकडे नाही. तरी मला गंमत वाटते ती ही, की शोमरोनी लोक अजून गरिज्जीमवर वल्हांडणाचा सण पाळतात आणि यहुदी यरुशलेमला मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या भिंतीपाशी प्रार्थना करतात. माणसाला जागा लागतेच रे.

वाचणार असशील तर बायबलातलं ‘१ राजे’ हे पुस्तक, अध्याय ८ आधी वाच, मग ‘यिर्मया’ अध्याय ७. ‘निर्गम’ पुस्तकातली निवासमंडपाची (मंदिराआधीच्या तंबूची) मापं, पडदे आणि आकड्या खुशाल गाळ. मी दोनदा पेंगलो तिथे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना सोबती