परत कुठे फिरायचं ते सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत मानतो आहोत. कोलोरॅडोतल्या सिल्व्हरटन ते अ‍ॅनिमस फोर्क्स या ओसाड खाणगावाच्या वाटेसाठी तुम्ही जे टिपण हाताने लिहून दिलंत, त्याची किंमत आम्हा डेन्व्हरच्या मंडळींना पुरती कळली आहे.

तुमच्याआधी पुष्कळांना विचारून झालं होतं. गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर उत्तर मिळालं, ‘एसयूव्ही आहे, कुठेही जाईल.’ करारात मात्र बारीक अक्षरांत लिहिलेलं, की डांबर सोडलं की विमा लागू नाही. हौशी मंडळींनी जुलैतले फोटो दाखवून मे महिन्यात जायचा सल्ला दिला. गाडीत कोण बसणार आहे, लहान मुलं आहेत का, कुणाला दम्याचा त्रास आहे का, हे एकानेही विचारलं नाही. तुम्ही सगळ्यात आधी तेच विचारलंत.

तिथल्या सान वॉन डोंगरांतला वसंत म्हणजे आपला चैत्र नव्हे, हे तुम्ही नीट कारणांसकट सांगितलंत. सिल्व्हरटनच ९,३१८ फुटांवर. मेफ्लॉवर मिल या जुन्या खनिज-गिरणीच्या आसपास डांबर संपतं, युरेका या जुन्या खाणगावाच्या जागेपर्यंत रुंद खडीचा रस्ता, आणि पुढे चढ व अरुंद कडा, थेट ११,२०० फुटांवरच्या अ‍ॅनिमस फोर्क्सपर्यंत. त्याच्याही वरच्या सिनॅमन आणि एंजिनीअर या खिंडी बहुतेक वर्षी जून उजाडल्याशिवाय मोकळ्या होत नाहीत. मेमध्ये पहाटेचा बर्फ दगडासारखा घट्ट असतो, दुपारी त्याचाच चिखल होतो, चाक रुततं आणि उतारावरचा ओला बर्फ घसरून रस्त्यावर येतो. ओढ्यांचंही तसंच. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वरचा बर्फ वितळला की संध्याकाळपर्यंत बंपरला लागतं. म्हणून सकाळी लवकर चढायचं आणि बाराच्या आत युरेकाला उतरायचं. जाताना सहज ओलांडलेला ओढा येताना तसाच असेल असं धरायचं नाही, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत.

गाडीबद्दलही तितकंच नेमकं. खडी लागली की टायरची हवा ३५ पीएसआयवरून २२ ते २४ वर आणायची. टायर पसरतो, दगडाला धरून राहतो, टोकदार कपच्यावर फुटण्याऐवजी दबतो. डांबरावर परतण्याआधी हवा परत भरायची, नाहीतर वेगात टायरच्या कडा तापतात. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज सोबत हवंच. उतरताना फोर-लो (चारही चाकं सावकाश फिरवणारी गिअरची जोडणी) आणि पहिला गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापून धरेनासे होतात. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत एक तृतीयांश गेलेली असते. समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याला वाट द्यायची. पेट्रोल सिल्व्हरटनलाच भरायचं, पुढे पंप नाही. आणि पाणी तिथे ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून भातासाठी कुकर न्या. हे लिहायला तुम्ही विसरला नाहीत, याचं काकूंनाही श्रेय असावं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ती लाल शाई. वाट कशी चढते ते निळ्या पेनाने, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेजारी लाल पेनाने ‘इथे गाडी वळते’. कड्यावरच्या रस्त्यात अडकायला होतं ते बहुतेक याच कारणाने: पुढे बर्फाची भिंत, मागे वळायला जागा नाही, आणि रिव्हर्समध्ये अर्धा मैल खोल दरीच्या कडेने. कुठे पोचायचं ते सगळ्यांनीच सांगितलं होतं. परत कुठून फिरायचं, ते फक्त तुम्ही लिहिलंत. शेवटी लहान अक्षरांत, ‘इथून परत फिरलात तरी सहल पूर्ण झाली असं समजा.’ अनोळखी माणसांच्या पोराबाळांची इतकी काळजी करणारी माणसं आहेत, म्हणून परक्या डोंगरातही धीर येतो. ज्ञान असलेली माणसं खूप भेटतात, ते देताना समोरच्याला कमी न लेखणारी थोडी.

वाटेवरच्या सोडून दिलेल्या खाणींबद्दल तुमचा सूर एकदम बदलला, आणि बदलायलाच हवा होता. वणी-बल्लारपूरच्या कोळशात आयुष्य काढलेल्या माणसाने ‘बोगद्याच्या तोंडात एक पाऊलही नाही’ म्हटलं की मुलंसुद्धा ऐकतात. कुजणारं लाकूड आणि गंजणारं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) हवेतला ऑक्सिजन खातात. ऑक्सिजन कमी झाला तर जीव गुदमरत नाही, सरळ शुद्ध जाते, आणि वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो. आतल्या फळ्यांखाली उभा शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा खोल खड्डा, असू शकतो, डबक्याखालीही. जुन्या डायनामाइटमधून स्फोटक द्रव पाझरलेला असू शकतो. खाणीवरच्या खचलेल्या जमिनीवरही चालू नका म्हणालात आणि लेक एमाचा दाखला दिलात: ४ जून १९७८ ला ते तळं खालच्या सनीसाइड खाणीत फुटलं. रविवार होता, खाली कोणी नव्हतं, म्हणून माणसं वाचली. कोलोरॅडोत अशा सोडून दिलेल्या खाणी सुमारे २३,००० आहेत. आत बघायची हौस असेल तर ओल्ड हंड्रेड या पर्यटकांसाठी खुल्या खाणीत जा, रुळांवरच्या छोट्या गाडीने डोंगराच्या पोटात नेतात, हा पर्यायही तुम्हीच दिलात. अ‍ॅनिमस फोर्क्समधली पुढे आलेल्या खिडकीचं घर डोळे भरून बघा, पण गंजलेला खिळाही उचलू नका, हेही.

त्या टिपणाच्या प्रती काढून प्रत्येक गाडीच्या कप्प्यात ठेवायच्या आहेत. एकच जागा रिकामी राहिली आहे: हॉवर्ड्सव्हिलहून कनिंगहॅम गल्च या घळीकडे वळल्यावर लाल खूण नाही. ओल्ड हंड्रेडचं पार्किंग धरलं तर चालेल का, तेवढं कळवा.

आपली,
डेन्व्हरची मंडळी