विज्ञानाचा उतारा सोडू नकोस

रत्नागिरी
१२ जुलै

प्रिय सुजाता,

पत्र मिळालं आणि सोबतचा आयईएलटीएसचा, म्हणजे त्या इंग्रजीच्या परीक्षेचा, सरावाचा पेपरही. शहरांच्या वाढीवरचा उतारा तू छान सोडवलास, मुलांच्या खेळावरचाही. मधमाश्यांचा मात्र सरळ कोरा ठेवलास आणि बाजूला लिहिलंस, ‘सायन्सचा आला की डोकंच चालत नाही, तो सोडून बाकीचं पक्कं करते.’ अगं, तसं करू नकोस. एवढं सांगायलाच लिहायला बसलेय.

आधी हिशेब सांगते. आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडेमिक वाचनात तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ देत नाहीत. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर वाचनात ७ बँड, म्हणजे नऊपैकी सात गुणांची पातळी हवी, म्हणजे साधारण ३० उत्तरं बरोबर यायला हवीत. एक उतारा सोडला की हातात २६-२७ प्रश्नच उरतात. ते सगळे बरोबर आले तरी भागत नाही.

पण हिशेब बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. मराठी शाळेत शिकलेल्या आणि इंग्रजी पुढे कामापुरती उचललेल्या माणसाला इंग्रजी वाचायला शिकायचं असेल, तर विज्ञानाइतका सोयीचा विषय नाही. ललित लेखात लेखकाचा सूर पकडावा लागतो, त्यांच्याकडचे सण, खाणं, जुने संदर्भ माहीत असावे लागतात. सर्वसामान्यांसाठी विज्ञान लिहिणारा तसं काही गृहीत धरत नाही. आधी लोकांना काय वाटायचं, मग कुणी काय पाहिलं, त्यावरून काय ठरलं आणि कशाबद्दल अजून वाद आहे, एवढंच तो सांगत जातो. एकदा ही चाल ओळखीची झाली की विषय मधमाश्यांचा असो नाहीतर ज्वालामुखीचा, पुढच्या परिच्छेदात काय येणार याचा अंदाज येऊ लागतो.

तुझ्याच कामातला विषय घे, डॉक्टर सेमेलवाइसचा. १८४७ साल, व्हिएन्नातलं मोठं रुग्णालय. बाळंतिणींचे दोन विभाग होते, एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, बायका दगावायच्या त्या जास्त करून डॉक्टरांच्या विभागात. शवविच्छेदन करताना सुरी लागून सेमेलवाइसचा एक सहकारी तशाच लक्षणांनी गेला, तेव्हा त्याला उमगलं की प्रेतांवरचं काहीतरी हातांबरोबर बाळंतिणीपर्यंत पोचतंय. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं, ते दोन-तीन महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास उतरलं. यातलं तुला काय अवघड आहे? या तापाच्या इंग्रजी नावातला ‘प्यूरपेरल’ हा शब्द प्रसूतिकक्षात तुझ्या कानावरून गेलेला आहे. इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांना कदाचित तो शब्दकोशात बघावा लागेल.

खरा धोका आहे तो माहिती असण्याचाच. विधान उताऱ्याशी जुळलं तर ‘ट्रू’, त्याच्या उलट असलं तर ‘फॉल्स’ आणि उताऱ्यात त्याबद्दल काहीच नसलं तर ‘नॉट गिव्हन’ लिहायचं असतं. समज, खाली विधान दिलंय: ‘हा ताप जंतूंमुळे येतो हे सेमेलवाइसने सिद्ध केलं.’ तुला जंतू माहीत आहेत, त्यामुळे हात ‘ट्रू’कडे जाणार. पण उताऱ्यात तो प्रेतांवरून येणाऱ्या कणांबद्दलच बोलत असेल आणि जंतूंचा सिद्धांत पुढे पाश्चर, कॉख यांच्या कामातून उभा राहिला असं लिहिलेलं असेल, तर उत्तर ‘फॉल्स’. जंतूंचा विषयच निघाला नसेल तर ‘नॉट गिव्हन’. तुझ्या पेपरात चुकलेली बरीचशी उत्तरं याच प्रकारच्या प्रश्नांतली आहेत. तुला इंग्रजी कळलेलं आहे. फक्त उत्तर कागदावर शोधायच्या ऐवजी तू ते स्वतःच्या डोक्यातून काढलंस.

यासाठी तुला मुद्दाम हेलियमचा विषय देणार आहे, कारण तो आपल्या घरचा. विजयदुर्गावर साहेबाच्या ओट्यांवर आपण शाळेच्या सहलीत बसलोय आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने तिथूनच हेलियम शोधला असं ऐकत मोठ्या झालोय. आता यावर इंग्रजीत चांगला लेख मिळाला तर तो असा जाईल. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून पाहिलं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा त्याला इतक्या तेजस्वी दिसल्या की त्या ग्रहणाशिवायही पाहता येतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पाहिल्याही. लॉकियरने हेच स्वतंत्रपणे केलं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून. त्या वर्णपटातली पिवळी रेषा आधी सोडियमची वाटली होती, पण सोडियमच्या रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास येतात आणि ही ५८७.६ वर होती. मग हे नवंच मूलद्रव्य असावं असं लॉकियरने मांडलं. पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला, युरेनियमच्या एका खनिजात. आणि लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला.

म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरं, पण तीस वर्षांनंतरचं. मला यात किल्ल्याचा काही कमीपणा वाटत नाही, उलट खरी तारीख कळल्यावर तिथे जावंसं जास्त वाटतं. आता तीन विधानं बघ. ‘पिवळी रेषा सुरुवातीला सोडियमची मानली गेली’ हे ट्रू. ‘लॉकियरने १८६८ मध्ये ती भारतातून पाहिली’ हे फॉल्स, कारण इंग्लंड असं स्पष्ट लिहिलंय. ‘१८६८ चं ग्रहण पाहायला विजयदुर्गावर माणसं जमली होती’ हे नॉट गिव्हन. आपल्याला कितीही खात्री वाटली तरी लेख त्याबद्दल काही बोललेला नाही. ही तीन विधानं तीन वेगळ्या कारणांनी तीन कप्प्यांत जातात, हे हाताला बसलं की माझं निम्मं काम झालं.

आणखी एक सवय लाव. विज्ञान लिहिणारे बोलताना जपून बोलतात. ‘मे’, ‘लाइकली’, ‘इज थॉट टू’, ‘सजेस्ट’ हे ‘कदाचित’ सुचवणारे शब्द घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात आणि प्रश्न नेमका त्यांच्यावरच बेतलेला असतो. केसपेपरवर डॉक्टर टायफॉइडच्या आधी प्रश्नचिन्ह काढतात, तेव्हा तू ते वाचायला कधी चुकत नाहीस. रिपोर्ट येईपर्यंत तो टायफॉइड नसतो, संशय असतो. हे शब्द म्हणजे तेच प्रश्नचिन्ह. पेन्सिलीने प्रत्येकाभोवती गोल कर. नंतर विधानात ‘ऑल’, ‘ऑलवेज’, ‘प्रूव्ह्ड’ दिसलं की आधी त्या गोलांकडे बघायचं.

वाचायचं कसं ते थोडक्यात सांगते. नाइट ड्यूटीनंतर पेपर सोडवायला बसू नकोस, त्यातून नुसती निराशा येते. तेव्हा फक्त एखादा छोटा लेख वाच, घड्याळाशिवाय. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीवर उपग्रहाच्या चित्राखाली चार-पाच परिच्छेद असतात, तेवढे पुरेत. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एक ओळ लिही. परिच्छेदात काय सांगितलंय याहीपेक्षा तो काय करतोय ते लिही: जुना समज, नवा पुरावा, आक्षेप, उदाहरण. मथळे जुळवण्याचा प्रश्न यानेच सुटतो. अडलेला प्रत्येक शब्द मोबाइलवर शोधू नकोस. तीन-तीन ओळींच्या वाक्यात आधी मुख्य क्रियापद हुडक, मग ते कोणाचं ते बघ, बाकीचं सगळं मधे घातलेलं असतं. घड्याळ लावून पूर्ण पेपर सुट्टीच्या दिवशीच सोडव. तिसरा उतारा बहुधा सगळ्यात जड असतो, तेव्हा पहिल्यात फार रेंगाळू नकोस.

मधमाश्यांचा उतारा कोरा ठेवलेला पेपर तुला परत पाठवतेय. हेलियमवर मी स्वतः इंग्रजीत दीड पान लिहून खाली तेरा प्रश्न काढलेत, तेही सोबत आहे. दोन्ही सोडवून पाठव, आणि प्रत्येक उत्तरापुढे ते ज्या ओळीवरून काढलंस तिचा क्रमांक घाल. उत्तर चुकलं तरी चालेल, क्रमांक हवाच. गणपतीत मी घरी येतेय, तेव्हा दोघी बसून बघू. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैशाली