चिपाडाची पिशवी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शोधनिबंध परत आल्याचं फोनवर सांगताना तू रडवेली झालीस आणि मी नुसतं ‘होईल गं नीट’ म्हणून फोन ठेवला. मग झोप लागेना. गुळाची तिसरी काहील आत्ताच उतरली, चुलवाण अजून धगधगतंय, त्याच्याच उजेडात लिहितोय.

तुझे आलेख पाहिले. चिमूटभरही नाही, जेमतेम १० मिलिग्रॅम चिपाड नायट्रोजनमध्ये मिनिटाला १० अंशांनी तापवायचं आणि वजन कसं उतरतं ते टिपायचं. आधी ओल जाते. मग चिपाड ज्या तीन जिनसांचं बनलंय त्या एकेक फुटतात: २२० ते ३१५ अंशांत हेमिसेल्युलोज, मग ४०० पर्यंत सेल्युलोज आणि लिग्निन आपलं शेवटपर्यंत रेंगाळतंय. मला हसूच आलं. आपले जाळ घालणारे तात्या हेच सांगतात: आधी पांढरा धूर, मग भडका, मग निखारा. कधी नीट बघ, भडक्यातली ज्वाळ चिपाडाला चिकटलेली नसते, बोटभर वर असते. जळते ती त्यातून निघालेली वाफ. तुझ्या यंत्रात हवा नाही म्हणून ती पेटत नाही आणि मागे कोळसा उरतो.

परीक्षकांनी तुझा निबंध परत केला, त्याबद्दल मला काही वाईट वाटलं नाही. तू लावलेली किसिंजरची रीत १९५७ ची, त्याने ती मॅग्नेसाइट, केओलिन असल्या खनिजांवर पारखली. चिपाडात तीन जिनसा तीन तऱ्हेने फुटतात, त्यांना मिळून सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे फुटायला लागणाऱ्या रेट्याचा, एकच आकडा कसा पुरेल? ५, १०, २० अंशांच्या वेगांनी तापवून, दहा टक्के फुटलं, वीस टक्के फुटलं, अशा टप्प्याटप्प्यावर आकडा काढ. (बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या माणसाने हे सांगायचं!)

खरी गोष्ट वेगळीच आहे. पाचपैकी दोन नमुन्यांचं शिखर, म्हणजे वजन सगळ्यात झपाट्याने उतरतं ते तापमान, बारा अंशांनी पुढे सरकलं, म्हणून ते तू वगळणार म्हणालीस. वगळू नकोस.

संक्रांतीला तुला पिशवी दिली ती मी घाईत भरली. त्याआधी अवकाळी पाऊस झाला, ताडपत्री उडाली आणि ढिगाचं वरचं चिपाड दोन दिवस भिजलं. नंतर कडक वाळलं, दिसायला खालच्यासारखंच. मी दोन्ही एकत्र कोंबलं. तूच मागे म्हणाली होतीस, पोटॅशियम असलं की सेल्युलोज लवकर फुटतं आणि कोळसा जास्त धरतो. पोटॅश तर पाण्यात विरघळतं. पावसात भिजलेली राख तुझे आजोबा शेतात टाकू देत नसत, ‘तिच्यातला जीव गेला’ म्हणत. मग धुतलेलं चिपाड उशिरा फुटणारच की! त्या दोन नमुन्यांत शेवटी कोळसाही कमी उरलाय का, तेवढं बघ. उरला असेल तर यंत्राची काही चूक नाही, चूक तुझ्या बापाची.

हे मी संक्रांतीलाच सांगायला हवं होतं. पिशवीला कोण विचारतंय, असं वाटलं.

उद्याच्या एसटीने तीन पिशव्या पाठवतोय. एकीत कोरडं चिपाड, दुसरीत पावसात भिजलेलं, तिसरीत मी मुद्दाम दोन दिवस पाण्यात घालून वाळवलेलं. ऊस तिन्हींत को ८६०३२ जातीचाच, एकाच सरीतला. आत चिठ्ठ्या आहेत, त्या आईने लिहिल्यात. माझं अक्षर तुझ्या प्रयोगशाळेत कुणाला लागायचं नाही.

तुझे
बाबा