व्याख्येआधी अडचण मांडावी

संपादक महोदय,

शाळेत नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय ही संख्यांच्या प्रकारांची नावे बहुधा व्याख्यांसह पाठ करून घेतली जातात. पण ३ मधून ५ वजा करताना नैसर्गिक संख्या अपुऱ्या पडतात म्हणून ऋण संख्या लागतात, ही अडचण मुलांपुढे आधी मांडली जात नाही. खरा घोटाळा होतो तो 'पाय' (π), म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर असलेल्या संख्येपाशी. तिची किंमत २२/७ घेऊन वर्षभर उदाहरणे सोडवल्यावर ती अपरिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात लिहिता न येणारी आहे, हे मुलांना पटावे तरी कसे? (मोठ्यांचीही येथे गल्लत होते.) दोन्हींचे दशांश रूप फळ्यावर एकाखाली एक लिहावे: २२/७ मध्ये दशांशचिन्हानंतर १४२८५७ हा गट पुनःपुन्हा येतो, तर ३.१४१५९२६... मध्ये असा कोणताही गट कायम आवर्ती राहत नाही. व्याख्या त्यानंतर सांगावी.

— एक वाचक